चौदा नॅनोसेकंदांचा हट्ट

संपादकांचा प्रश्न सरळ होता. दुकानदार सांगतात, जुनी डीडीआर-4 रॅम सोडा, डीडीआर-5 घ्या, संगणक पळेल. वाचकांनी त्यासाठी पैसे घालावेत का? उत्तर शोधायला मुंबईतला संगणकांचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठायचा होता. निघण्यापूर्वी मी कागदावर एक हिशेब मांडला आणि त्यातच अडकले.

रॅमच्या लेबलवर दोन आकडे असतात. ठळक आकडा, म्हणजे 1600, 3200 किंवा 4800, हा दर सेकंदाला होणाऱ्या देवाणघेवाणींचा, दशलक्षांत मोजलेला. दुसरा, बारीक अक्षरांतला, सीएल. मागणी पोचल्यापासून पहिली माहिती बाहेर पडेपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात, ते हा आकडा सांगतो. ठोक्यांचे नॅनोसेकंद केले की चित्र बदलतं. डीडीआर-400, सीएल 3: 15 नॅनोसेकंद. डीडीआर3-1600, सीएल 11: 13.75. डीडीआर4-3200, सीएल 22: पुन्हा 13.75. डीडीआर5-4800, सीएल 40: 16.67. सुमारे दोन दशकांत एका स्टिकची वाहून नेण्याची क्षमता सेकंदाला 3.2 गिगाबाइटवरून 38.4 गिगाबाइटवर गेली, बारा पट झाली. पहिल्या बाइटची वाट मात्र होती तेवढीच राहिली. लोकल नऊ डब्यांची पंधरा डब्यांची झाली, प्लॅटफॉर्मवर उभं राहण्याची वेळ तीच.

गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या महागड्या स्टिकांचंही तेच. डीडीआर4-3200 सीएल 16 घ्या किंवा डीडीआर5-6000 सीएल 30 घ्या, दोन्हींचं उत्तर 10 नॅनोसेकंद.

ही वाट का घटत नाही याचं मूळ जुनं आहे. रॅमचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती: 40 बिटांचे 2,048 शब्द, म्हणजे जेमतेम 10 किलोबाइट. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना 1966 मध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कॅपॅसिटर एवढ्यावर एक बिट ठेवण्याची कल्पना सुचली, 1968 मध्ये पेटंट मिळालं. 1970 मध्ये इंटेलची 1103 ही एक किलोबिटची चिप बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत कडी मागे पडली. आजची डीडीआर-5 डेनार्ड यांच्या त्याच एका ट्रान्झिस्टर-कॅपॅसिटरच्या घरात राहते. फरक इतकाच की एका चिपवर आता अशी अब्जावधी घरं आहेत.

लॅमिंग्टन रोडवर एका जिन्याच्या वरच्या गाळ्यात मला हवे होते तसे, संगणक दुरुस्त करणारे एक काका भेटले. समोर बंद पडलेला एक डेस्कटॉप होता. त्यांनी स्लॉटच्या दोन्ही कडांचे चाप दाबून रॅम उचलली, सोनेरी पट्टी उजेडात धरली आणि शाळेतल्या पोरांकडे असतो तसल्या पांढऱ्या खोडरबराने ती हलक्या हाताने घासू लागले. काळपट थर रबरावर उतरला. ब्रशने भुगा झटकून त्यांनी स्टिक परत बसवली. चाप टक् करून बसले, स्क्रीन उजळला.

मी डीडीआर-5 चा विषय काढला. त्यांनी दोन स्टिका शेजारी ठेवल्या. डीडीआर-4 आणि डीडीआर-5, दोन्हींना 288 पिना, पण खाच वेगळ्या जागी. "ही त्या स्लॉटमध्ये जाणारच नाही, ताई. रॅम बदलायची म्हणजे मदरबोर्ड बदला, बहुतेकदा प्रोसेसरही बदला. तेव्हा गिऱ्हाइकाला मी आधी विचारतो, काम काय करता?" मग त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून दाखवला. आठ जीबीपैकी जवळजवळ सगळी भरलेली, एक स्लॉट रिकामा. "याला चार की पाच हा प्रश्नच नाही. आणखी एक आठची टाका. जागाही होईल आणि दोन्ही चॅनेल, म्हणजे माहितीच्या दोन्ही वाटा, चालू होतील."

त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. रॅम भरली की संगणक डिस्ककडे धाव घेतो. तिथली वाट नॅनोसेकंदांची नसते. वेगवान एसएसडीवरही ती हजारो पटींनी मोठी. व्हिडिओ संपादन किंवा मोठे हिशेब अशा कामांत माहितीचे लोंढे सलग वाहतात, तिथे डीडीआर-5 चा लाभ रोकडा मिळतो. पण प्रोग्रॅमला माहितीचा इकडचा एक कण, तिकडचा एक कण लागत असेल, तर रुंद रस्ता त्याच्या उपयोगी पडत नाही.

मग हा चौदा नॅनोसेकंदांचा हट्ट सुटत का नाही? कारण घरातच आहे. बिट म्हणजे कॅपॅसिटरमधला इवलासा विद्युतभार. तो वाचायचा तर आधी अख्खी ओळ उघडावी लागते. प्रत्येक कॅपॅसिटर आपला भार एका लांब तारेवर सोडतो. तार आधीच अर्ध्या दाबावर आणून ठेवलेली असते. तिच्यात व्होल्टचा जेमतेम दहावा भाग इतका फरक पडतो, कधी त्याहूनही कमी. सेन्स अँप्लिफायर ती कुजबुज ओळखतो, शून्य की एक हे ठरवतो आणि तेच मूल्य परत कॅपॅसिटरमध्ये भरतो, कारण वाचता वाचता ते पुसलं गेलेलं असतं. टिफ्रॅकच्या कड्यांनाही हेच करावं लागे. एवढा क्षीण इशारा ओळखायला वेळ हवाच. तार आखूड केली तर तो घटेल, पण मग अँप्लिफायर जास्त लागतात, चिप मोठी होते, किंमत चढते. बाजाराने दरवेळी स्वस्त आणि भरपूर हेच निवडलं. दरम्यान अभियंत्यांनी एका खेपेत जास्त बिट उचलायला सुरुवात केली: डीडीआरमध्ये दोन, मग चार, मग आठ, डीडीआर-5 मध्ये सोळा. मला या चिकाटीचं मनापासून कौतुक वाटतं. न हलणाऱ्या दगडाभोवती त्यांनी रस्ता रुंद केला.

काळजी वाटते ती पुढची. कॅपॅसिटर गळतो. म्हणून डीडीआर-4 मधली प्रत्येक ओळ सहसा 64 मिलिसेकंदांत एकदा ताजी करावी लागते; डीडीआर-5 मध्ये ही मुदत 32 वर आली. आठ गिगाबिटच्या डीडीआर-4 चिपला अशा एका ताजेपणाच्या फेरीत सुमारे 350 नॅनोसेकंद दुसरं काम करता येत नाही. घरं आणखी लहान झाली की भार कमी, शेजार जवळचा. 2014 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की एकच ओळ पुन्हा पुन्हा उघडली तर शेजारच्या ओळीतले बिट उलटू शकतात. त्यांनी तपासलेल्या 129 मॉड्यूलांपैकी 110 मध्ये हा दोष निघाला. त्याला रोहॅमर म्हणतात. डीडीआर-4 मध्ये त्यावर उपाय बसवले, हल्लेखोरांनी वाटा शोधल्या. डीडीआर-5 वरही असे हल्ले करून दाखवले गेले आहेत. डीडीआर-5 च्या चिपमध्ये एका बिटाची चूक आतल्या आत दुरुस्त करणारी यंत्रणा आहे. ती चांगलीच आहे, पण घरं आता स्वतःच्या बळावर भरवशाची राहिली नाहीत, याची ती कबुलीही आहे. शिवाय चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक तिला दिसत नाही. तिथे सर्व्हरमध्ये वापरतात ती पूर्ण ईसीसी (चूक दुरुस्त करणारी) रॅमच लागते, आणि घरगुती संगणकांत ती अजून क्वचितच मिळते.

माझ्या मते नव्या-जुन्याची तुलना भरवशाच्या या कसोटीवरच करायला हवी. संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: चालू संगणक केवळ रॅमसाठी बदलू नका, जागा वाढवा, नवा घ्यायचाच असेल तर डीडीआर-5 घ्या. पण दुकानातला ठळक आकडा दर काही वर्षांनी वाढत राहील आणि आपण त्यालाच प्रगती समजत राहू. ज्या स्मृतीवर बँकेचे हिशेब, दवाखान्याच्या नोंदी आणि मतदारयाद्या हाताळल्या जातात, तिच्याबाबत पहिला प्रश्न वेगाचा असू नये. ठेवलं तेच परत मिळेल ना, हा असावा. आणि त्याचं उत्तर खोक्यावर छापण्याची सक्ती व्हावी.