तरणतलावाचा तळ दिसतो का?

सुटीत आपले मूल ठाण्याच्या मारोतराव शिंदे तरणतलावात जात असो, डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलात जात असो वा सोसायटीच्या तलावात. पालकांनी आधी एकच पाहावे. तळ स्पष्ट दिसतो का? गढूळ पाण्यात बुडणारे मूल जीवरक्षकालाही दिसत नाही.

गढूळपणाचे एक कारण म्हणजे पाण्याचा जडपणा. तलावात कॅल्शियमचा जडपणा लिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम असावा. कूपनलिकेच्या पाण्यात तो बहुधा जास्त असतो. ब्लीचिंग पावडरनेही वाढतो. मग क्षार सुटून पाणी दुधाळ होते. तो फार कमी असल्यास पाणी लाद्यांमधले सिमेंट खाते व सुटलेल्या कडा पायाला लागतात. वाढलेल्या जडपणावर सोपा उपाय म्हणजे थोडे पाणी काढून कमी जड पाणी भरणे.

सामू ७.२ ते ७.८ हवा. तो वाढला, की क्षार लवकर सुटतात आणि क्लोरीनचाही जोर ओसरतो. मग डोळे येणे, कान दुखणे, जुलाब यांना आमंत्रणच!

तेव्हा रोजच्या तपासणीची नोंदवही निःसंकोच मागा. मुलांनाही आधी लघवीला पाठवून, अंघोळ घालूनच पाण्यात सोडा. घाम आणि लघवीमुळे क्लोरीन वाया जाते.