लोखंडी नांगर

पूर्वी आपल्याकडे शेतकरी लाकडी नांगराने जमीन नांगरत. हा नांगर माती वरवर उकरी, पण ती उलटी करत नसे. त्यामुळे हरळी आणि कुंदा या तणांची मुळे जमिनीत खोल तशीच राहत आणि पिकाला अन्नपाणी कमी पडे.

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे सायकलींचे दुकान होते. कडबा कापण्याचे यंत्रही ते बनवत. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. त्याचा फाळ जमिनीत खोल शिरे. फाळामागच्या वाकवलेल्या पत्र्यामुळे ढेकूळ उलटे पडे. तणांची मुळे वर येत आणि उन्हाने वाळून जात.

पण शेतकरी घाबरले. लोखंडाने जमीन विषारी होईल, असे त्यांना वाटे. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली! तरी लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. पुढे हा नांगर शेतोशेती चालू लागला.

बेळगावची जागा मात्र त्यांना सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना कुंडलजवळचे माळरान दिले. १९१० साली तेथे कारखाना उभा राहिला. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ती हीच!