नर्सिंग की डोळ्यांचा कोर्स? लेकीची फी भरण्याआधी एवढं वाचा



बारावीचा निकाल आणि पेरणी, दोन्ही एकाच सुमाराला येतात. एका हाताला बियाणं-खताचा खर्च आणि दुसऱ्या हाताला लेकीच्या प्रवेशाची फी. म्हणून मे-जूनच्या बैठकीत गटाकडे कर्जाची मागणी वाढते. त्यात "पोरीले नर्सिंगले टाकायचं हाय" हे कारण आता नवं राहिलेलं नाही. कोणी म्हणते डोळ्यांचा कोर्स आहे, चष्म्याचं दुकान टाकता येईल.

दोन्ही क्षेत्रं चांगली आहेत. पण "नर्सिंग" हे एकच नाव लावून चार वर्षांचा पदवी कोर्सही विकला जातो आणि सहा महिन्यांचा क्लासही. नाव सारखं दिसलं तरी मागे मिळणारा कागद वेगळा असतो आणि त्या कागदावर लेकीचं पुढचं आयुष्य ठरतं. म्हणून या अंकात दोन गोष्टी समजून घेऊ. या कोर्समध्ये नेमकं काय शिकवतात? आणि गटाचा पैसा त्यात घालण्याआधी काय विचारायचं?

नर्सिंगच्या तीन वाटा

पहिली वाट एएनएमची. दोन वर्षांचा कोर्स, फक्त मुलींसाठी. बारावी कला शाखेतून झालेली मुलगीही पात्र ठरते. वयाची अट 17 ते 35 वर्षं. आपल्या उपकेंद्रात लसीकरणाला, गरोदर बाईच्या तपासणीला जी नर्सबाई असते, ती आरोग्य सेविका. त्या पदाचं शिक्षण म्हणजे एएनएम. सपाट भागात साधारण 5,000 आणि आदिवासी-डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावं, असं सरकारी प्रमाण आहे.

दुसरी वाट जीएनएमची. तीन वर्षांचा कोर्स. बारावीला इंग्रजी विषय आणि किमान 40 टक्के गुण लागतात. विज्ञान शाखा असली तर बरं. हा कोर्स केलेली मुलगी रुग्णालयात स्टाफ नर्स, म्हणजे अधिपरिचारिका होऊ शकते.

तिसरी वाट बीएस्सी नर्सिंगची. चार वर्षांची पदवी. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवंच. खुल्या गटाला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के. यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिचा अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो. निकाल लागल्यावर जागं झालं तर वर्ष हातचं जातं. ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते.

एका वाटेवरून दुसरीवर जाता येतं, हे लक्षात ठेवा. एएनएम झालेली मुलगी पुढे जीएनएम करू शकते. जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. त्यामुळे आज पैसा कमी पडतो म्हणून एएनएम केलं, तर पुढचं दार बंद होत नाही.

वर्गात आणि वॉर्डात काय शिकवतात

नर्सिंग म्हणजे इंजेक्शन देणं आणि पट्टी बांधणं, असा समज आहे. अभ्यासक्रम पाहिला की तो गळून पडतो. जीएनएमच्या पहिल्या वर्षाला शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, प्रथमोपचार, सामुदायिक आरोग्य असे विषय आहेत. दुसऱ्या वर्षाला औषधोपचार-शस्त्रक्रियेच्या रुग्णांची शुश्रूषा, मानसिक आजार, बालरोग. तिसऱ्या वर्षाला बाळंतपण आणि स्त्रियांचे आजार. एएनएमच्या मुलींचा भर गावावर असतो: सामुदायिक आरोग्य, बालसंगोपन, बाळंतपण आणि आरोग्य केंद्राचा कारभार.

पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातल्या मुलीला पहिले काही महिने जड जातात. म्हणून बारावीनंतरच्या सुट्टीत रोज अर्धा तास इंग्रजी वाचायची सवय लावा.

गणितही लागतं. एक उदाहरण पाहा. डॉक्टरांनी लिहिलं, 500 मिली सलाईन चार तासांत द्या. सलाईनच्या नळीतून एक मिलीला 20 थेंब पडतात. मग मिनिटाला किती थेंब सोडायचे? 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 थेंब. चार तासांची 240 मिनिटं. भागाकार केला की साधारण 42. गटाच्या वहीतलं व्याज काढणाऱ्या बाईला हा हिशोब अवघड नाही. पण इथे आकडा चुकला तर रुग्णाच्या जिवावर बेततं, म्हणून तो पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

आता आपल्या जिल्ह्याचंच पाहा. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे 1989 साली सुरू झालं, तिथले वॉर्ड त्या वेळी भरून गेले होते.

अशा रुग्णाजवळ नर्स काय करते? ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक अंगात गेलं की तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, छातीत घरघर होते आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. डॉक्टर अॅट्रोपिन नावाचं औषध ठरवतात आणि ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. पण घरघर कमी झाली का, नाडी किती, बाहुली मोठी झाली का, हे दर थोड्या वेळाने पाहून लिहून ठेवणारी नर्स असते. तिने लिहिलेल्या नोंदींवर डॉक्टर पुढचा डोस ठरवतात. रुग्णाचे भिजलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवायचं, हेही ती शिकलेली असते. (तुम्हीही लक्षात ठेवा. अंगावर औषध सांडलं तर आधी हेच करायचं आणि मग लगेच दवाखाना गाठायचा.)

हे पुस्तकातून येत नाही, वॉर्डात उभं राहून येतं. म्हणून नर्सिंगच्या कोर्समध्ये वर्गापेक्षा रुग्णालयाचे तास महत्त्वाचे. भारतीय परिचर्या परिषदेची जीएनएम आणि बीएस्सीसाठी साधारण अट अशी आहे की संस्थेजवळ किमान 100 खाटांचं रुग्णालय हवं. मुलींना ठरावीक बाळंतपणं पाहून, करून नोंदवहीत लिहावी लागतात. ज्या संस्थेत वॉर्डच नाही, तिथे नर्स तयार होऊ शकत नाही.

डोळ्यांचा कोर्स

इथे तीन वेगवेगळी माणसं आहेत आणि तिघांनाही आपण "डोळ्याचा डॉक्टर" म्हणून मोकळे होतो.

नेत्रतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे डोळ्यांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. मोतीबिंदूचं ऑपरेशन तोच करतो. ऑप्टोमेट्रिस्ट हा डोळे तपासतो, नंबर काढतो आणि काचबिंदूसारख्या आजाराची शंका आली तर डॉक्टरकडे पाठवतो. ऑप्टिशियन म्हणजे चष्मेवाला. तो दिलेल्या नंबरप्रमाणे काच घासतो, फ्रेममध्ये बसवतो, नाकावर नीट बसेल असा चष्मा करून देतो. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात तुम्हाला नेत्रचिकित्सा अधिकारी भेटतात. ते नंबर काढतात आणि मोतीबिंदूचे रुग्ण शोधून ऑपरेशनला पाठवतात.

ऑप्टोमेट्रीची पदवी साधारण चार वर्षांची असते, त्यातलं शेवटचं वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष कामाचं. बारावी विज्ञान लागतं. प्रकाश कसा वळतो, भिंग कसं काम करतं, डोळ्याची रचना, नंबर काढायच्या पद्धती, लहान मुलांचा तिरळेपणा, कॉन्टॅक्ट लेन्स असे विषय असतात.

नंबर म्हणजे काय, हे त्या अभ्यासातलं अगदी पहिलं गणित. ज्या भिंगातून उन्हाचे किरण एका मीटरवर एकत्र येतात त्याची ताकद 1. अर्ध्या मीटरवर येत असतील तर 2. म्हणजे अंतर कमी, तर नंबर जास्त. ज्या मुलाला उणे 2 चा नंबर आहे, त्याला साधारण अर्ध्या मीटरपलीकडचं धूसर दिसतं. वर्गातला फळा त्याला वाचता येत नाही आणि आपण म्हणतो पोरगं अभ्यासात ढ आहे. कागदावर 6/60 लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ, चांगल्या डोळ्याला 60 मीटरवरून जे अक्षर वाचता येतं ते या डोळ्याला 6 मीटरवर यावं लागतं.

आणि चाळिशी आली की सुईत दोरा ओवताना, गटाची वही लिहिताना हात लांब न्यावा लागतो. तो आजार नाही, डोळ्यातलं भिंग वयाप्रमाणे ताठ होतं. साध्या जवळच्या चष्म्याने काम भागतं. शिवणकाम करणाऱ्या किती बायकांचं काम केवळ चष्मा नाही म्हणून अडतं, ते आपल्याच गटात मोजून पाहा. हे शिकलेली मुलगी तालुक्याच्या गावी बसली तर तिला काम कमी पडणार नाही.

2021 मध्ये केंद्राने आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठी कायदा केला. त्यात ऑप्टोमेट्रीही आहे. या कायद्याप्रमाणे आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान 3,600 तासांची आणि तीन ते सहा वर्षांची असावी लागते. तीन महिन्यांत "डोळ्यांचा डॉक्टर" करून देतो असं कोणी म्हणालं, तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

फसगत कुठे होते

"दहावी पास, सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी" अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. अशा क्लासमध्ये शिकवतात ते रुग्णाला उठवणं-बसवणं, अंथरूण बदलणं, ताप-बीपी मोजणं. ते काम लागतंच आणि त्याला रुग्ण सहाय्यक म्हणतात. त्यात कमीपणा नाही. पण ती मुलगी नर्स होत नाही.

नर्स होण्यासाठी कोर्सनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी व्हावी लागते. नोंदणी नाही तर सरकारी भरतीचा अर्जच भरता येत नाही. फी गेली, वर्षं गेली, गटाचं कर्ज अंगावर राहिलं आणि लेक म्हणते, "आई, मी काय चुकलं?" चूक तिची नसते. प्रवेशाआधी कोणी विचारलं नाही, एवढंच.

संसदेने 2023 मध्ये परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला आहे. पुढे भारतीय परिचर्या परिषदेची जागा तो आयोग घेईल. पाटीवरचं नाव बदललं तरी आपला प्रश्न तोच ठेवायचा: नोंदणी मिळते का?

पैशाचं गणित

गटाचं अंतर्गत कर्ज शेकडा 2 रुपये महिना असेल तर 50,000 रुपयांवर महिन्याला 1,000 रुपये व्याज होतं, वर्षाला 12,000. कोर्स तीन वर्षांचा आणि कमाई त्यानंतर. म्हणून गटाचं कर्ज शेवटचा आधार ठेवा, पहिला नाही.

आधी हे पाहा. जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी नाही. अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्तांसाठी महाडीबीटीवर शिष्यवृत्ती आहे. आदिवासी मुलींनी पांढरकवडा किंवा पुसदच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृह आणि स्वयम् योजनेची चौकशी करावी. जेवण, गणवेश, पुस्तकं, प्रवास यांचा खर्च मात्र धरून ठेवा.

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन क्रिमिलेअर, जात वैधता हे कागद निकालानंतर नाही, दिवाळीपासूनच काढायला घ्या. जात वैधतेला वेळ लागतो.

बैठकीत विचारायचे पाच प्रश्न

शिक्षणासाठी कर्जाची मागणी आली की ग्रामसंघाने हे पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरं ठरावाच्या वहीत लिहावीत.

1. कोर्सचं पूर्ण नाव काय आणि मुदत किती?
2. परीक्षा कोण घेतं आणि प्रमाणपत्र कोणाचं मिळतं?
3. कोर्सनंतर कोणत्या परिषदेत नोंदणी होते? संस्थेचं नाव त्या परिषदेच्या या वर्षीच्या यादीत आहे का? यादी मोबाईलवर स्वतः उघडून पाहा, संस्थेने दाखवलेल्या कागदावर थांबू नका.
4. मुली कोणत्या रुग्णालयात शिकायला जातात? तिथे किती खाटा आहेत? एकदा स्वतः जाऊन या.
5. फी माफी किंवा शिष्यवृत्ती लागू आहे का? पावती संस्थेच्या नावाची मिळते का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर कर्ज मंजूर करू नका. मागणारी बाई थोडी नाराज होईल. पण गटाने तिचे पैसे अडवले नाहीत, तिच्या लेकीची तीन वर्षं वाचवली, हे तिला समजावून सांगा.

रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि विधवा, गरजू बायांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं. त्या काळी घरची बाई दवाखान्यात काम करणार म्हटलं की लोक नाकं मुरडायचे. आज घरोघरी लेकीला नर्स करायची इच्छा आहे. आता गरज आहे ती नीट चौकशीची, आणि ती गटातल्या दहा बायका मिळून एकटीपेक्षा चांगली करतात. पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा आणि ज्यांच्या घरी अकरावी-बारावीची मुलगी आहे त्यांची नावं आताच वहीत लिहून घ्या.