पागेचं बिल कोण ठरवतं?

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरला की वर्तमानपत्रांत दरवर्षी त्याच धाटणीच्या बातम्या येतात. अमुक घोड्याला इतक्या लाखांची बोली लागली, तमुक घोडा मालकाने इतक्याला मागितला तरी दिला नाही. आपण तोंडात बोट घालतो. तोच घोडा घरी नेल्यावर महिन्याला काय खातो, त्याच्यापाशी कोण झोपतं, त्याचे खूर कोण तासतं, हे बातमीत कधी येत नाही. मग पुण्या-मुंबईच्या आसपास एखाद्या रायडिंग क्लबात घोडा ठेवायच्या चौकशीला गेलेला माणूस महिन्याचा आकडा ऐकून दचकतो आणि परतीच्या वाटेवर म्हणतो, "लुटतात हो!"

लुटणारे असतीलही. पण त्या आकड्याचा मोठा हिस्सा ठरवणं क्लबवाल्याच्या हातात नसतं. तो घोड्याच्या पोटाने आणि पायांनी आधीच ठरवून ठेवलेला असतो.

"घोडा घेतला, आता वरखर्च तेवढा राहिला"

उलट आहे. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, आणि पन्नास हजारांचा घोडा पाच लाखांच्या घोड्यापेक्षा एक मूठही कमी खात नाही. खरेदीची रक्कम एकदाच जाते. पोसण्याची दर महिन्याला जाते, आणि दोन-तीन वर्षांत ती बहुतेक घोड्यांच्या किमतीला मागे टाकते. हे आपल्याकडे जुनं शहाणपण आहे. शिवकाळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. दोघांच्या पगारातला फरक मुख्यतः घोडा कोण पोसतो यावरच होता.

"खातो काय, गवतच ना?"

घोडं पेंड खातं ते इथेच.

घोड्याला रोज आपल्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडं अन्न लागतं. चारशे किलोचा मारवाडी घोडा धरला तर आठ किलो. पावसाळ्यातल्या हिरव्या गवतात पाच हिश्श्यांतले चार हिस्से पाणी असतं, म्हणजे तेवढंच पोषण हिरव्या गवतातून द्यायचं तर चाळीस किलो गवत हवं. क्लबाच्या आवारातल्या हिरवळीवर हे भागत नाही. म्हणून वाळलेलं गवत, लसूणघास आणि वर चंदी, म्हणजे ओट, जव, हरभरा, गव्हाचा कोंडा. गवत दिवसाला सात किलो धरलं तरी एका घोड्याला वर्षाला अडीच टनांहून जास्त लागतं. आपल्याकडे गवत कापलं जातं ते पाऊस सरल्यावर. एप्रिल-मेमध्ये त्याचा भाव चढतो आणि जूननंतर कोरडं गवत मिळणंच मुश्किल होतं. ज्याने दिवाळीनंतर गंजी भरून ठेवली नाही, त्याला आषाढात मिळेल त्या भावाने, मिळेल तसं घ्यावं लागतं.

आणि मिळेल तसं घोड्याला चालत नाही. गाय रवंथ करते आणि तिच्या चार कप्प्यांच्या पोटात बरंच काही निभावून जातं. घोड्याचं जठर मात्र अंगाच्या मानाने लहान, त्यात जेमतेम आठ ते पंधरा लिटर मावतं. पुढची पचनाची मोठी कामगिरी आतड्यांच्या मागच्या भागात चालते. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. जे आत गेलं ते पुढेच जाणार. बुरशी आलेली वैरण किंवा एकदम ओतलेली चंदी यांतून पोटदुखी उठते आणि घोड्याची पोटदुखी काही तासांत जीव घेऊ शकते. म्हणून गवत थोडं थोडं दिवसभर द्यायचं आणि चंदी एका वेळी दोन किलोच्या वर द्यायची नाही. 'दाणा वाढवला की घोडा तगडा होतो' हा आणखी एक लाडका समज. पिठूळ दाणा जास्त झाला की तो न पचता मागच्या आतड्यात जाऊन आंबतो. त्याने पोट तर बिघडतंच, शिवाय खुरांच्या आतल्या भागाला सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो.

वैरणीच्या साठवणीचं मोल समजून घ्यायचं तर 1674 च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र मुळातून वाचावं. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा नि वैरण आताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यात बजावलं आहे. उंदराने पेटती वात ओढत नेली तर गवताच्या गंजींना आग लागेल, इथपर्यंतचा तपशील त्यात आहे. राज्याभिषेक महिन्याभरावर आला असताना! आजच्या कुठल्याही क्लबाच्या व्यवस्थापकाची जूनमधली झोप याच दोन गोष्टींनी उडते: गवत पुरेल ना, आणि गोदामाचा पत्रा गळत नाही ना.

"गड्याला चार पैसे दिले की झालं"

वर आलेले 'थोडं थोडं दिवसभर' हे शब्द पुन्हा पाहा. ते देणारं माणूस लागतं. बिलातला वैरणीइतकाच, बऱ्याच ठिकाणी तिच्याहून मोठा भाग या माणसाचा, म्हणजे सईसाचा असतो.

पहाटे वैरण, मग ठाणावरची लीद काढणं, खरारा, खूर कोरून साफ करणं, चंदी, पाणी, फेरफटका, दुपारची वैरण, संध्याकाळी पुन्हा हेच, आणि रात्री झोपण्याआधी एक चक्कर. घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो, म्हणजे वर्षाला सहा-सात टन. खत म्हणून ती विकली जाते हे खरं, पण शहराजवळ ती उचलून नेणाऱ्यालाच पैसे द्यावे लागतात अशीही वेळ येते. एरवी पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पिणारा घोडा उन्हाळ्यात त्याहून जास्त पितो. एका सईसाने दोन किंवा तीन घोडे बघावेत. पाच दिले तर तो फक्त लीद काढतो, घोडा बघत नाही. सभासद बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याचं येतं. खुद्द घोडेस्वार दिमतीला असताना पाण्याला आणि नालांना वेगळी माणसं होती.

आता कागद-पेन्सिल घ्या. भाव आपापल्या गावचे घाला. मी नुसते धरून चालतो. सात किलो गवत बारा रुपयांनी 84, अडीच किलो चंदी छत्तीस रुपयांनी 90. दिवसाचे 174, महिन्याचे सव्वापाच हजार. मीठ, गूळ, खनिज मिश्रण धरून साडेपाच. सईसाला अठरा हजार पगार, तीन घोड्यांत वाटला तर सहा हजार. ठाणावर अंथरायला भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा, दोन हजार. हे झाले साडेतेरा हजार. यात सईसाच्या सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूस नाही, जागेचं भाडं, वीज, पाणी, मैदानातली वाळू, छपराची डागडुजी काहीच नाही. आणि जागा हा मोठ्या शहरांत सगळ्यांत जड दगड आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 एकरांपैकी 120 एकर महापालिकेकडे देण्यावरून 2024 मध्ये जो वाद झाला, त्यात घोड्यांच्या तबेल्यांचं काय करायचं हा प्रश्न मध्यवर्ती होता. ठाण शहराबाहेर नेलं की भाडं उतरतं, पण मालकाच्या चकरा कमी होतात. न दिसणाऱ्या घोड्याची आबाळ मालकाच्या लक्षात उशिरा येते.

"महिन्याचे पैसे भरले, सगळं त्यात आलं"

बहुधा आलेलं नसतं. महिन्याच्या रकमेत ठाण, वैरण-चंदी, अंथरूण आणि सईस एवढं साधारणपणे असतं. बाकीचं वेगळं.

नालबंदाचं घ्या. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी तो तासावा लागतो. नाल मारलेले असतील तर ते काढून, खूर तासून पुन्हा बसवावे लागतात. 'नालच नको, पैसे वाचतील' म्हणणाऱ्यांचे पैसे वाचतात ते फक्त लोखंडाचे; तासणी चुकत नाही. ती टाळली की खुराचा पुढचा भाग लांबतो, घोट्यावर ताण येतो आणि मग डॉक्टर बोलवावा लागतो. चांगला नालबंद आपल्याकडे दुर्मिळ झाला आहे. तो दुसऱ्या जिल्ह्यातून येत असेल तर त्याच्या प्रवासाचा खर्च त्या दिवशीच्या सगळ्या घोड्यांवर वाटला जातो.

दातांकडे तर कुणी बघतच नाही. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात आणि झिजताना कडांना धार येते. मग गाल सोलतात, चावणं नीट होत नाही, अर्धवट चघळलेले गवताचे बोळे तोंडातून खाली पडतात. मालक चंदी वाढवतो, घोडा तरी वाळतच जातो. वर्षातून एकदा दात कानसून घेणं हे त्या वाया जाणाऱ्या चंदीपेक्षा स्वस्त पडतं.

त्यात जंताचं औषध, धनुर्वाताची लस (घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो), आणि पावसाळ्यात नि नंतर गोमाश्यांच्या चाव्यांतून पसरणारा सर्रा हा रोग. ताप येऊन जातो, पुन्हा येतो, घोडा रक्तहीन होत जातो. ग्लँडर्स हा तर माणसालाही होणारा रोग. तो निघाला तर 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार घोडा मारावा लागतो. म्हणून शहाणा क्लब नवा घोडा रक्ततपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय आत घेत नाही आणि घेतल्यावरही काही दिवस वेगळा ठेवतो. त्याचे पैसे लावले म्हणून भांडू नये. जो क्लब असलं काही विचारत नाही, तिथे आपला घोडा कुणाच्या शेजारी उभा राहणार आहे याचा विचार करावा.

कराचीही एक गंमत आहे. जनावरं पाळण्याच्या सेवांना जीएसटीत माफी आहे, पण त्याच नोंदीत घोड्यांचा अपवाद केलेला आहे. तेव्हा नोंदणी असलेल्या क्लबाच्या बिलाखाली कराची ओळ दिसली तर ती क्लबवाल्याची करामत समजू नये.

"महिनाभर बसलोच नाही, मग पैसे कसले?"

ठाण रिकामं राहिलेलं नसतं आणि सईस घरी गेलेला नसतो. उलट उभ्या घोड्याला कुणीतरी हिंडवावं लागतं, नाहीतर त्याच्या पायांवर सूज येते, आतड्यांची हालचाल मंदावते. कंटाळलेला घोडा लाकूड चावतो, दाराशी डोलत राहतो. वापर नसेल तर चंदी कमी करायची असते, तेवढीच काय ती बचत.

"दुसऱ्यांना बसायला दिला की खर्च निघतो"

थोडा निघतो. काही क्लब मालकाचा घोडा शिकाऊ स्वारांसाठी वापरतात आणि त्या बदल्यात महिन्याची रक्कम कमी करतात. घोड्याला रोज दोनेक तासांच्या वर आणि आठवड्याची सुट्टी न देता काम लावलं तर ही बचत पायांच्या दुखण्यात जाते. खोगिरासह स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं असा सर्वसाधारण संकेत आहे. चारशे किलोच्या घोड्यावर ऐंशी किलो, तेही खोगीर धरून. आपल्या परिचयातले किती जण यात बसतात ते मनातल्या मनात मोजावं. शिवाय शिकाऊ हातांनी लगाम ओढून ओढून घोड्याचं तोंड निबर होतं, ते परत मऊ करायला शिकवणाऱ्याची फी लागते.

वरातीचं गणितही लोकांना फार सोपं वाटतं. लग्नाच्या तिथी मोजक्या आणि चातुर्मासात घोड्याला काम नाही, पण भूक तीच. माथेरानमध्ये मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव असल्याने वैरणसुद्धा पुढे वाहून न्यावी लागते आणि पावसाळ्यात पर्यटक आटतात. घोड्यावर पोट असलेल्या माणसाला जे महिने कसेबसे काढावे लागतात, ते हौशी मालकाला फायद्याचे जातील असं समजण्यात अर्थ नाही.

"मग घरीच बांधू, गावाकडे"

जमीन आणि घरचं माणूस असेल तर जरूर. पण घोडा कळपातलं जनावर आहे, एकटा ठेवला तर झुरतो. त्याला सोबत म्हणून दुसरा घोडा, निदान शेळी-गाढव तरी लागतं. गाई-म्हशींचे डॉक्टर तालुक्याला सापडतात, घोड्याचा हात असलेला डॉक्टर कितीतरी दूर असू शकतो.

"ओळखीचे आहेत, लिहून कशाला घ्यायचं?"

क्लबात ठेवायचं ठरलं तर पैसे भरण्याआधी संध्याकाळी सातनंतर न सांगता एक चक्कर मारावी. रात्री आवारात सईस राहतो का? पाण्याच्या बादल्या भरलेल्या आहेत का? गवत हातात घेऊन वास घेतला तर कुबट येतो का? म्हाताऱ्या घोड्यांची पाठ आणि बरगड्या कशा दिसतात? उमद्या घोड्यांना कुणीही चकाकवून ठेवतं. मग लेखी करार करावा: रोजची वैरण-चंदी किती किलो, नालबंद आणि डॉक्टर कुणी बोलवायचा, घोडा शिकाऊंना द्यायचा की नाही, मालकाने पैसे थकवले तर किती महिन्यांनी काय करायचं. एक कलम बहुतेक करारांत राहून जातं. रात्री दोन वाजता घोडा लोळायला लागला, वळून वळून पोटाकडे बघायला लागला आणि मालकाचा फोन लागत नाही, तर किती रुपयांपर्यंतचे उपचार क्लबाने न विचारता सुरू करायचे, आणि त्यापलीकडे निर्णय कुणाचा? तो आकडा आणि दुसऱ्या एका माणसाचा फोन नंबर करारात घालावा आणि सईसाच्या खोलीच्या भिंतीवरही लावावा.