वंगण-तेलाचा घटलेला दाब : निदानाचा क्रम

एंजिनातील पंप तेलाला केवळ प्रवाह देतो. बेअरिंगांच्या अरुंद फटींत त्या प्रवाहाला जो अवरोध होतो त्यातून दाब निर्माण होतो. म्हणून दाब घटताच पंपाला दोष देणे घाईचे ठरते.

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या ‘एमजीबी’ या स्पोर्ट्स मोटारीत, एंजिन तापल्यानंतर, धावताना दर चौरस इंचास ५० ते ८० पौंड व गाडी उभी असता मंद गतीत १० ते २५ पौंड दाब अपेक्षित असतो. काटा याखाली उतरल्यास प्रथम दुसरा विश्वसनीय दाबमापक जोडून त्या काट्याचीच परीक्षा करावी. नंतर तेलाची पातळी व दाटपणा पाहावा. पेट्रोलचा वास येणारे तेल पातळ झालेले असते. थंड व तप्त अशा दोन्ही अवस्थांत दाब कमी असेल, तर दाबनियंत्रक झडप कचऱ्यामुळे उघडी राहिल्याचा किंवा तिची स्प्रिंग दुर्बळ झाल्याचा संभव प्रथम तपासावा. थंड असता पुरेसा, परंतु तापल्यावर मंद गतीत ढासळणारा दाब बहुधा बेअरिंगांची झीज सुचवितो. पातळ झालेले तेल रुंदावलेल्या फटींतून सहज निसटते.

या क्रमाने एंजिन विनाकारण उघडण्याचा खर्च टळतो. मात्र दाब खरोखरच घटल्याचे ठरल्यास गाडी चालवू नये. तेलावाचून फिरणारा क्रँकशाफ्ट अल्पावधीत निकामी होतो.