धान्याची देवता, कर्जाची पाटी

विद्येची देवता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वीणा उभी राहते. सुमेरी लोकांची निसाबा मात्र कोठारातून आली. ती आधी धान्याची देवता, मग लेखनाची. आणि हा क्रम योगायोगाचा नव्हे. उरुक येथे सापडलेल्या, इ. स. पूर्व ३२०० च्या सुमाराच्या मातीच्या पाट्यांवर ना काव्य आहे ना प्रार्थना. सातू किती आला, कोणाला किती मापून दिला, अशा हिशेबाच्याच नोंदी बहुतेकींवर आहेत. काव्य कित्येक शतकांनंतर आले. त्याच्या अखेरीस लेखनिक निसाबेची स्तुती लिहीत.

परंतु ज्या लेखणीने शिधा लिहिला, तिनेच कर्जही लिहिले. पुढे बाबिलोनी काळात चांदीच्या कर्जावर २० टक्के व्याज रूढ होते, तर सातूच्या कर्जावर तब्बल एक तृतीयांश. म्हणजे ज्याच्या गाठीला चांदी नाही, त्यालाच दर चढा! पीक बुडाले तरी पाटीवरचा आकडा बुडत नसे; कुळाची बायकामुले धनकोच्या घरी राबू लागत. अखेर इ. स. पूर्व सतराव्या शतकात राजा अम्मिसदुका याने फर्मान काढून अशी कर्जे रद्द केली. व्यापारात गुंतवलेले भांडवल मात्र त्यातून वगळले. पोटासाठी काढलेले कर्ज वेगळे आणि नफ्यासाठी काढलेले वेगळे, हे त्या फर्मानाच्या लेखनिकाला पक्के ठाऊक होते.