केस पुष्कळ, टोप दूर

केसदानाची बातमी बहुधा एकाच साच्याची असते: कापलेली वेणी हातात धरून हसणारी मुलगी आणि मागे पार्लरचा आरसा. त्या मुलीचं कौतुक व्हायलाच हवं. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. बारा इंची वेणी म्हणजे अडीच वर्षांची वाढ. मुंबईत मदत चॅरिटेबल ट्रस्टच्या ‘कोप विथ कॅन्सर’ या उपक्रमाकडे अशा वेण्या देता येतात आणि त्यांतून कर्करुग्णांसाठी टोप तयार होतात. पण आपल्या देशात केसांचा तुटवडा नाही. तिरुपतीला भाविकांनी उतरवलेल्या केसांचा लिलाव होतो, देवस्थानाला त्यातून कोट्यवधी रुपये मिळतात आणि त्यातले पुष्कळ केस परदेशी जातात. कमी पडतात ते टोप विणणारे हात, त्या कामाला लागणारा पैसा आणि झालेला टोप गरजूच्या डोक्यापर्यंत नेणारी व्यवस्था. वेणी दिली की काम झालं, ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे.

टोपाचं काम किचकट असतं. केसाच्या अंगावर मुळाकडून टोकाकडे वळलेले बारीक खवले असतात. काही केस उलटे गेले की ते एकमेकांत अडकतात आणि गुंता सुटत नाही. म्हणून वेणी आधी रबराने घट्ट बांधायची आणि मगच कात्री लावायची. जमिनीवरून गोळा केलेले केस चांगल्या टोपाला चालत नाहीत. मग लांबीप्रमाणे निवड होते आणि डोक्याच्या मापाच्या जाळीत बारीक आकड्याने एकेक-दोनदोन केस गाठ मारून ओवले जातात. एका टोपात कित्येक जणींच्या वेण्या जातात आणि कारागिराचे कित्येक दिवस. खर्च होतो तो इथे.

आता समजा, हा टोप पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याला न्यायचा आहे. या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. केमोथेरपीसाठी परळचं टाटा रुग्णालय गाठा नाहीतर घाट चढून नाशिक. दोन्हीकडे जाण्यात मजुरी बुडते. केस गळू लागतात ते पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत, आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा येतात. टोपाची गरज आहे ती एवढ्याच काळात. सहा महिन्यांनी मिळालेला टोप पेटीतच राहणार. त्यामुळे माप पहिल्या डोसालाच घेतलं जावं आणि जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयासारख्या ठिकाणी थोडे तयार टोप असावेत. निव्वळ टोपासाठी मुंबईची वेगळी फेरी मारायला लावणं म्हणजे तो न देण्यासारखंच.

यावर रास्त आक्षेप येतो: 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली, त्या मुलखात टोपाचं काय घेऊन बसलात? मुद्दा खरा आहे, आणि केसांशी त्याचा थेट संबंधही आहे. प्रथिनांच्या तीव्र कमतरतेत मुलांचे केस विरळ, तांबूस होतात, ओढले की हातात येतात. रक्तक्षयातही केस गळू शकतात. अशा डोक्याला टोप नको, पोटाला अन्न हवं. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत 2024 च्या अखेरीस माणसांना अचानक टक्कल पडू लागलं, तेव्हा डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या अति सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं. तेव्हा केस का गेले हे आधी तपासायचं. कारण केमोथेरपी असेल किंवा चाईने डोकं उघडं पडलं असेल, तर टोपाचा विचार करायचा. पोषण आहाराचा पैसा टोपाकडे वळवा, असं कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप, बायका डोक्यावर पदर घेतातच की. ज्यांना पदर पुरतो त्यांनी तो घ्यावा. पण आश्रमशाळेतल्या चौदा वर्षांच्या, चाई झालेल्या मुलीला पदर नसतो, आणि वसतिगृहात न्हाताना, झोपताना लपायला जागाही नसते. मात्र तिलाही खऱ्या केसांचाच टोप हवा असेल, असं धरून चालू नये. जव्हारच्या पावसाळ्यात तो धुऊन सावलीत वाळवायला फार वेळ जातो. कृत्रिम धाग्याचा टोप हलका, स्वस्त, लवकर वाळणारा. चुलीच्या धगीपासून तेवढा जपावा लागतो. नाचणीच्या लावणीला वाकणाऱ्या बाईला कदाचित टोपापेक्षा सुती रुमालच बरा वाटेल. ज्यांना केस द्यायचे आहेत त्यांनी वेणीसोबत अशा टोपा-रुमालांसाठी थोडे पैसेही द्यावेत, आणि काय हवं ते घेणारीला निवडू द्यावं.